लॅपटॉपवरचा नारळ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लॅपटॉपवर नारळ ठेवला असता लॅपटॉप सुधारतो. नारळ सोललेला व शेंडी राखलेला असावा. तो कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून आठ सेकंद शांत उभे राहावे. मंत्रांची आवश्यकता नाही, पण येत असल्यास हरकतही नाही. हे निवेदन मी संपूर्ण शुद्धीत, दुपारचा चहा घेऊन, कोणाच्याही दबावाखाली न येता करत आहे.

माझ्या बायकोने एवढं वाचलं आणि विचारलं, "हे छापतील?"

मी म्हटलं, "दिवाळी अंकात सगळं छापतात."

"मग निदान खाली आपला पत्ता देऊ नका," ती म्हणाली आणि आत गेली.

तर पत्ता देत नाही. धंदा सांगतो. अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत संगणक दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा लोक दुकानात चपला काढून येत. संगणकाला घाम येऊ नये म्हणून त्याच्याकडे पंखा फिरवून स्वतः घामाघूम बसलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. पुढे आमच्या गावातल्या एका कॉलेजने संगणक विभागाची देखभाल माझ्याकडे सोपवली, आणि माझ्या आयुष्यात त्या दुपारच्या खोलीचा प्रवेश झाला.

ती खोली अजूनही माझ्या झोपेत येते. जांभ्याच्या जाड भिंती, खिडक्यांना निळे पडदे, पलीकडे आंब्याची चार झाडं. दुपारी वारा सुटला की पडदे आत येत, परत बाहेर जात, जणू खोलीच श्वास घेते आहे. कोणी नसलं की सगळ्या संगणकांच्या पडद्यांवर एकाच वेळी रंगीत मासे पोहू लागत. मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून त्या माशांकडे बघत बसे आणि कॉलेजला वाटे मी विचार करतो आहे.

माशांच्या मागे, संगणकाच्या पोटात, एक जागा होती. तिथे चाकाच्या खुर्चीचं एवढंसं चित्र असे. लोक समजत, हे इस्पितळाचं काहीतरी आहे, आणि त्याच्या वाटेला जात नसत. मला मात्र त्या चित्रामागे फार गंमत सापडली. एखाद्याचे हात, डोळे, कान चार लोकांसारखे चालत नसतील, तर संगणकाने त्याच्याशी कसं वागायचं, हे तिथे ठरवता येई. अक्षरं मोठी करता येत. पडदा काळा नि अक्षरं पांढरी करता येत. हे मी अलोऱ्याहून वसतिगृहात आलेल्या एका अंधूक दिसणाऱ्या मुलाला करून दिलं, तर तो पडद्याला नाक लावून म्हणाला, "काका, हा तर आमच्या शाळेचा फळा." ऐकू न येणाऱ्यासाठी घंटी वाजण्याऐवजी पडदा लखकन चमके. एका मुलीसाठी ते केलं, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या, उत्तम ऐकू येणाऱ्या तिघींनी हट्ट धरला की आमचाही पडदा चमकवा. तो त्यांचा दागिना झाला.

शिंप्यासारखंच काम हे. कापड तेच, माप ज्याचं त्याचं. फक्त शिंप्याकडे माणूस स्वतःहून येतो. माझ्याकडे कोणी येत नसे, कारण असं माप घेता येतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यातच मुंबईच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने कॉलेजला वापरलेले लॅपटॉप पाठवले. काळे, जाडजूड, पाट्यावरवंट्याच्या घराण्यातले. मी ते झाडूनपुसून मांडून दिले आणि मुलांचा टायपिंगचा वर्ग त्यांच्यावर सुरू झाला. महिन्या-दोन महिन्यांनी, दसरा होऊन गेल्यावर, संगणक विभागाच्या प्रमुख दामले मॅडम यांचा मला फोन आला. मॅडम म्हणजे गणिताचं माणूस. बोलणंही मोजून.

"पेठे, एक मुलगी रोज वर्गात नारळ आणते."

"बरं."

"तो लॅपटॉपवर ठेवते. मग काढते. मग टायपिंग करते."

"नवस असेल."

"रोज? माझ्या विभागात असलं चालणार नाही. तुम्ही या आणि तिला समजावा की याने मशीन बिघडतं."

मी गेलो. वर्ग सुटला होता. कोपऱ्यात एक मुलगी बसली होती, पुढ्यात लॅपटॉप आणि शेजारी नारळ. दाराशी कॉलेजचे शिपाई गणूभाऊ उभे होते. नारळ त्यांच्या परड्यातला, म्हणून तेही आरोपी.

"माझ्याकडे बघू नका हां," ते म्हणाले. "पोरीनं मागितलान, मी दिला. नारळ देवाक दिला नि कॉम्प्युटराक दिला, झाड काय विचारीत नाही."

मुलीचं नाव सायली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील लोट्याला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, रविवारी घरी येत. सायलीचे हात लहानपणापासून कापत. थोडेथोडके नाही. कप धरला तर बशीच अर्धा चहा पिई. लिहिणं अशक्य, म्हणून शाळेपासून प्रत्येक परीक्षेला तिला लेखनिक मिळे. ती उत्तर सांगणार, दुसरं कोणी लिहिणार.

"टायपिंगला का आलीस मग?" मी विचारलं.

"मला एक पान माझ्या हाताचं पाहिजे," ती म्हणाली. "सगळ्या परीक्षा पास झाले काका, पण एकही पान माझं नाही. एका वर्षी लेखनिक मुलीचं अक्षर इतकं वाईट होतं, की मार्क माझे गेले."

मोठ्या आशेने ती या वर्गात आली होती. पण कीबोर्डला दया नसते. बोट एकदा टेकवायचं तर ते तीनदा टेके, जाताजाता शेजारच्या दोन कळांनाही भेटून येई. तिने मला पडद्यावर स्वतःचं नाव काढून दाखवलं: सससायययलली. मधे कुठेतरी एक स्वल्पविरामही शिरला होता. "बघा," ती म्हणाली, "माझ्या नावाचीच रांग लागते." दिवाळीनंतर परीक्षा होती. तोवर जमलं नाही तर मॅडम इथेही लेखनिक देणार होत्या. टायपिंगच्या परीक्षेला लेखनिक. मग तिने तिथे बसून करायचं काय?

"आणि नारळाने काय होतं?"

"बघा तुम्हीच."

तिने दोन्ही हातांनी नारळ उचलला, कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात टेकवला आणि हात मागे घेतले. आम्ही तिघे नारळाकडे बघत राहिलो. पडदे आत आले, बाहेर गेले. मग लॅपटॉप बारीक आवाजात किणकिणला आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. सायलीने ती न वाचता एंटर मारलं, नारळ बाजूला ठेवला आणि एकेका कळीवर बोट रेटून धरत, सावकाश, टाइप केलं: सायली.

एक स, एक य, एक ल.

गणूभाऊंनी नारळाला नमस्कार केला. मी नारळाकडे पाहिलं, मग चौकटीत काय लिहिलं होतं ते आठवलं, आणि मला इतकं हसू आलं की मी खुर्चीत बसलो.

आता बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. उजवीकडची शिफ्टची कळ आठ सेकंद न सोडता दाबून धरली, की त्या काळचे संगणक विचारत, तुम्हाला कळा दाबायला त्रास होतो आहे का? हो म्हटलं, की संगणक थरथरून झालेले स्पर्श सोडून देई आणि ठरवून केलेला स्पर्श तेवढा धरी. चाकाच्या खुर्चीमागच्या गमतींपैकीच ही एक. आणि इथे शिफ्ट दाबत होता नारळ.

झालं होतं असं. खंडेनवमीला गणूभाऊंनी संगणक विभागाची पूजा मांडली. कॉलेजच्या वार्षिकासाठी फोटो हवा म्हणून मॅडमनी लॅपटॉप चालू ठेवायला सांगितले. पडदा झाकला जाऊ नये म्हणून गणूभाऊंनी प्रत्येक लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात नारळ ठेवला. लोखंडी घण असता, कातण्याचा चरखा असता, तर नारळ मुकाट बसला असता. इथे त्याच्या बुडाखाली शिफ्ट आली. आरती होईपर्यंत प्रत्येक पडद्यावर ती चौकट उभी. पूजा झाल्यावर पोरं आली, आणि साऱ्या जगातली पोरं चौकटीचं जे करतात तेच त्यांनी केलं. न वाचता ओके.

"मग काय," गणूभाऊ म्हणाले, "सगळी मशिनां रुसली. पोरां बोटां आपटतायत नि अक्षर येत नाय. मला म्हणाली, गणूभाऊ, तुमची पूजा चुकली."

पोरं कंटाळून प्रसादाला गेली. या सोयीचा एक नियम होता: पाच मिनिटं कोणी हात लावला नाही, तर ती आपोआप बंद व्हायची. पोरं परत आली तो रुसवा गेलेला. सगळे विसरले. विसरली नाही ती सायली, कारण ती प्रसादाला गेलीच नव्हती. सगळ्यांची मशीनं बिघडली त्याच क्षणी तिचं सुरू झालं होतं.

"दुसऱ्या दिवशी परत पहिल्यासारखं," ती म्हणाली. "म्हटलं, काल काय वेगळं होतं? पूजा. मग आधी फूल ठेवून बघितलं. काही नाही. मग अक्षता टाकल्या. मॅडम ओरडल्या, पण काही नाही. मग नारळ."

"आणि सारखं बंद पडतं, म्हणून सारखा ठेवावा लागतो."

"हो ना. विचार करत बसलं की जातं. मग मी विचार करणंच सोडलं."

मी दामले मॅडमना बोलावून सगळं सांगितलं. त्या सायलीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "फूल, अक्षता, नारळ. एकेक बदलून पाहिलंस?"

"हो मॅडम."

"पद्धत बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. पण लगेच पुढे, "मात्र परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. सगळी मशीनं सारखी लागतात. एकीला वेगळं चालणार नाही."

मग पुढच्या काही दुपारी मी सायलीचं माप घेतलं. माझ्या सगळ्या धंद्यात मी त्या दुपारींइतका सुखात कधी नव्हतो. स्पर्श किती वेळ टिकला म्हणजे खरा मानायचा, हे ठरवता येई. पूर्ण सेकंद ठेवला तर अक्षरं स्वच्छ येत, पण बोट तितका वेळ ठरेना, निम्मी अक्षरं हुकत. कमी केला तर थरथर आत गळे. कळ दाबली की संगणक टिक करी, आणि स्पर्श पटला की टुक. टिक म्हणजे कळलं, टुक म्हणजे मान्य. मी डोळे मिटून तंबोरा लावणाऱ्यासारखा ऐकत बसे. टिक टिक टिक टुक. नाही, अजून जरा उतरव. टिक टुक. टिक टुक. अर्ध्या सेकंदावर ती लागली. बाहेर आंब्याच्या पानांचा आवाज, आत टिक टुक, पडदे फुगलेले, शेजारच्या लॅपटॉपांवर मासे चाललेले. मध्येच वाटे, आम्ही सगळे पाण्याखाली आहोत आणि कोणाला घाई नाही.

"काका, झोपलात?"

"ऐकतोय."

"तोंड उघडं होतं."

पाच मिनिटांचा तो नियमही मी काढून टाकला, म्हणजे पोरीला विचार करायची मुभा मिळाली. आणि मॅडमना सगळी मशीनं सारखी हवी होती ना? मी सगळी सारखी केली. प्रत्येक लॅपटॉपमध्ये सायलीचं माप भरलं आणि वरून सोय बंद ठेवली. कोणाला पत्ता लागण्याचं कारण नव्हतं. तिचा सूर सगळ्यांच्या पोटात निजला होता. फक्त शिफ्ट धरून उठवायचा.

तेवढंच तिला जमेना. आठ सेकंद बोट एका जागी ठेवायचं म्हणजे तिच्यासाठी डोंगर. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला ते उडेच. कोपर लावून पाहिलं, तर चार कळा एकदम दबत.

"असू दे," मी म्हटलं, "परीक्षेच्या दिवशी मी चालू करून देईन."

"नाहीतर नारळ आहेच," ती म्हणाली. "त्याचा हात कापत नाही."

परीक्षेला घाटावरून शिंदे नावाचे परीक्षक आले. उंच, काळी चौकट असलेला चष्मा, हसणं नाही. वीज गेली तर काय, म्हणून मला बॅटरीच्या कपाटाजवळ स्टूल मिळालं होतं. शिंदे सरांनी आल्या आल्या तीन गोष्टी जाहीर केल्या. कोणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. वह्या, पिशव्या, कंपासपेट्या सगळं बाहेर. आणि विद्यार्थ्याशिवाय कोणीही मशीनला हात लावायचा नाही.

"यांनीसुद्धा नाही," म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. ते चाकाच्या खुर्चीचं चित्र मुलांच्या हाती लागू नये म्हणून मीच पासवर्डच्या कुलपात ठेवलं होतं, कारण पोरं त्याच्या शेजारच्या चित्रात शिरून पडद्यावर नट्यांचे फोटो लावत. म्हणजे वाट एकच उरली, शिफ्टची. सायलीला चिठ्ठीत खिडकीजवळचं मशीन आलं. तिने कळ दाबून धरली. मी मनात मोजू लागलो. चारावर बोट उडालं. परत. तीनावर. परत. तिची मान लाल झाली होती. शिंदे सर घड्याळ बघत होते. घंटा व्हायला थोडाच अवकाश होता.

मग तिने हात वर केला. हात वर केला तरी कापतो, आणि कापणारा वर केलेला हात फार मोठा दिसतो.

"सर, परीक्षेआधी नारळ ठेवायचाय."

"कुठं?"

"लॅपटॉपवर."

शिंदे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दामले मॅडमकडे वळले. मला वाटलं, संपलं. ज्या बाईंनी नारळावरून मला फोन केला, त्या आता याच नारळाला आत येऊ देतील?

मॅडम उठून उभ्या राहिल्या. चेहरा फळ्यासारखा कोरा.

"आमच्याकडे पद्धत आहे," त्या म्हणाल्या.

गणूभाऊ दाराबाहेरच होते. बोलावण्याची वाट न पाहता ते नारळ घेऊन आत आले, डोक्यावर टोपी सरळ केलेली. नारळाला त्यांनी हळदकुंकूही लावलं होतं.

"एकाच मशीनवर?" शिंदे सरांनी विचारलं.

"साहेब, मान एकाचाच असतो," गणूभाऊ म्हणाले.

नारळ मात्र त्यांनी सायलीच्या हातात दिला, कारण मशीनला हात लावायचा नव्हता. तिने तो कोपऱ्यात टेकवला. कोणी सांगितलं नाही, पण वर्ग उभा राहिला. शिंदे सरांनीही हात जोडले. रत्नागिरीच्या इतिहासात एवढी शांत आठ सेकंदं झाली नसतील. पडदे आत आले आणि तिथेच थांबले, असं मला आजही वाटतं. मग किणकिण. चौकट. एंटर.

टिक टुक.

घंटा झाली. सगळा वर्ग गारपिटीसारखा बडवू लागला आणि त्यात मला एकच आवाज ऐकू येत होता, सावकाश, न चुकता. टिक टुक. मधे एकदा तो थांबला. थांबला तो थांबलाच. मान उंच करून पाहिलं, तर ती खिडकीबाहेर आंब्याकडे बघत पुढच्या वाक्याचा विचार करत होती. केवढी चैन. मग परत टिक टुक. बाकीची पोरं उठून गेली, गणूभाऊ दोनदा डोकावून गेले, आणि वेळ संपायच्या जरा आधी तिने शेवटी स्वतःचं नाव टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवले.

प्रिंटरमधून पान तिनेच काढलं. पान तिच्या हातात फडफडत होतं. त्यावरचं काहीही फडफडत नव्हतं. चारदोन चुका होत्या, कोणाच्याही होतात तशा. तिने ते एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, पाठीमागची कोरी बाजूही बघितली, आणि शिंदे सरांपुढे ठेवलं. "सर, तपासून झाल्यावर मला परत मिळेल?"

"नियमात नाही," शिंदे सर म्हणाले. मग कागदाकडे पाहून म्हणाले, "दुसरी प्रत काढ."

ती प्रत लोट्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या समोर, देवाच्या तसबिरीशेजारी बरीच वर्षं होती, असं नंतर ऐकलं. लॅपटॉप मात्र भंगारात गेले, प्रत्येकाच्या पोटात तिचं माप तसंच. त्यातला एक तरी मी उचलून आणायला हवा होता. नव्या मशीनांवर ते सगळं करायला आता माझी गरज लागत नाही. मला बोलवत नाहीत. दुपारी झोप लागली की मासे मात्र येतात.

पण त्या दिवशीचं राहिलंच. परीक्षा झाल्यावर चहा आला. मॅडम, मी, गणूभाऊ आणि सायली, सगळे तिथेच. शिंदे सर चहा हातात धरून नारळाकडे बघत बसले होते. चहा निवला. आम्हाला वाटलं, आता तक्रार लिहिणार. मॅडमनी मनातल्या मनात खुलासाही तयार केला असावा. शिंदे सरांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला, सायलीच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि न राहवून सगळ्यांदेखत बोलून गेले:

"आमच्या कॉलेजात एक पोरगं आहे, त्याचाबी हात असाच आहे. आमच्याकडं लिंबू चालंल का?"